डिजिटल रेडिओ घ्यायचा का? आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यात आर्वीला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता महिन्याकाठी चार-पाच रेडिओ येतात. बाकी मिक्सर, चार्जर आणि थंडी पडली की शेतावरच्या झटका मशीन, म्हणजे जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी यंत्रं. तरी रेडिओबद्दल काही विचारायचं झालं की आसपासच्या गावांतली माणसं अजून माझ्याकडेच येतात. जानेवारी २०२६ मध्ये, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचा निरोप आला: डिजिटल रेडिओ घ्यायचा विचार आहे, येऊन पाहून जा आणि खरं काय ते सांगा.

गटात २२ जण आहेत, त्यात आठ बाया. वर्गणीतून आणि तुरीच्या एकत्र विक्रीतून थोडा पैसा शिल्लक पडला होता. अध्यक्ष ताईंचा भाचा पुण्याला नोकरी करतो. त्याच्या नव्या गाडीत डिजिटल रेडिओ कंपनीनेच बसवून दिलेला आहे. संक्रांतीला तो गाडी घेऊन आला, पुण्यातला आवाज कसा स्वच्छ येतो ते सांगितलं, आणि असा सुटा सेटही मिळतो म्हणाला. मोबाईलवर किंमत दाखवली, बारा हजारांच्या आसपास. तुरीचा त्या हंगामाचा (२०२५-२६) हमीभाव क्विंटलला ८००० रुपये होता. म्हणजे दीड क्विंटल तूर एका डब्यात जाणार.

हा पैसा हौसेपायी जात नव्हता. गेल्या हंगामात सोयाबीन कापून ढीग लावले होते आणि रात्री पाऊस आला. ताडपत्री घरात होती, ढीग शेतात. त्या संध्याकाळी मोबाईलला रेंज नव्हती. रेडिओ लावलेला होता, पण खरखरीत हवामानाचं नेमकं वाक्यच कोणाला कळलं नाही. तो पाऊस गटाच्या मनातून गेलेला नाही. अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, "भाऊ, गाण्यासाठी नाई घेत आमी. पावसाचं नीट ऐकू आलं पायजे, बस."

म्हणून मी प्रश्न असा मांडून घेतला: या सेटवर या गावाला असं काय ऐकू येईल जे आज येत नाही? आणि त्यासाठी दीड क्विंटल तूर द्यावी का?

आज काय ऐकू येतं

गावापासून नागपूर रस्त्याने शंभर किलोमीटरच्या घरात आहे. नागपूरची खासगी एफएम केंद्रं इथे लागत नाहीत. एखाद्या थंड पहाटे तुटक लागलं तर लागलं. गावाचा खरा आधार मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून चालू आहे आणि ५८५ किलोहर्ट्झ हा आकडा इथल्या म्हाताऱ्यांना आपल्या सातबाऱ्यासारखा पाठ आहे. काकाजींच्या सेटवर तर त्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला आहे. त्यांच्या सुनेने दिला, कारण काच पिवळी पडून आकडे दिसेनासे झाले होते.

काकाजी म्हणजे गटातले सगळ्यात वडील. रात्री जागलीला मचाणावर अजूनही तेच जातात. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तूर-हरभऱ्यात शिरतात म्हणून बांधाला झटका मशीनची तार आहे, तरी माणूस लागतोच. मचाणावर त्यांचा दोन बँडचा जुना सेट असतो, दोन मोठ्या सेलवर चालणारा.

मी पहिल्याच संध्याकाळी त्या मचाणावर गेलो. ५८५ लावलं. बातम्या चालू होत्या, आवाजही पुरेसा होता, पण त्यावर दर सेकंदाला एक टक् पडत होता. टक्, टक्, टक्, घड्याळासारखा. मधेच एखादा टक् लांबून चर्रर्र व्हायचा आणि निवेदकाचा एखादा शब्द गिळून टाकायचा. "विदर्भात तुरळक ठिकाणी" एवढं कळलं. पुढचं गेलं.

हा टक् रेडिओचा नव्हता, झटका मशीनचा होता. मशीन साधारण सेकंदाला एकदा तारेत जोराचा ठोका सोडते. तार चांगली असेल तर रेडिओत हलका टिचका ऐकू येतो. पण गवत तारेला टेकलं, इन्सुलेटर फुटला किंवा अर्थिंगची सळई कोरड्या मातीत सैल झाली, की तिथे ठिणगी पडते. ती ठिणगी म्हणजे छोटं ट्रान्समीटरच समजा. मध्यम लहरी अशा सगळ्या विजेचा कचरा गोळा करतात. घरात स्वस्त एलईडी बल्ब, सोलर पंपाचा कंट्रोलर, मोबाईलचा चार्जर, सगळ्यांची भर त्यातच.

मी बॅटरी घेऊन तारेच्या कडेने चाललो. तीन ठिकाणी गवत टेकलेलं, एका ठिकाणी इन्सुलेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि अर्थिंगची सळई हाताने हलत होती. सकाळी गवत कापलं, इन्सुलेटर बदलला, सळई फूटभर आणखी ठोकून तिच्या बुडाशी पाणी ओतलं. संध्याकाळी टक् उरला, पण चर्रर्र गेलं.

मग काकाजींना सेट फिरवायला शिकवला. सेटच्या आत काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मध्यम लहरींचा अँटेना तोच. कांडीचं टोक ज्या दिशेला असतं तिकडचा आवाज ती सगळ्यात कमी घेते, आणि आडव्या अंगाने येणारा सगळ्यात जास्त. सेटचं टोक झटका मशीनकडे करून ठेवलं तर टक् दबतो. मचाणाच्या फळीवर मी कोळशाने रेघ मारली, सेट या रेघेवर ठेवा म्हणून. काकाजींनी दोन-तीनदा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "तीस वर्सं झाले, मले कोनी सांगतलंच नाई हे." मलाही ते लागलं. दुकान मी इतकी वर्षं चालवतो, सेट दुरुस्त करून देतो, पण कसा ठेवायचा हे गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं.

गाडीतला रेडिओ

भाचा चार दिवस गावात होता. आम्ही त्याची गाडी तीन जागी उभी करून पाहिली: ग्रामपंचायतीच्या ओट्याजवळ, शाळेमागच्या उंचवट्यावर आणि शेताच्या धुऱ्याला. सकाळी, दुपारी, रात्री. वहीत प्रत्येक वेळ लिहिली.

दिवसा एकदाही डिजिटल केंद्र धरलं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री नऊनंतर उंचवट्यावर एक दूरचं केंद्र लागलं. मध्यम लहरी रात्री आकाशातून परावर्तित होऊन लांब जातात, म्हणून हे होतं. आणि आवाज? तो खरंच पाहण्यासारखा, म्हणजे ऐकण्यासारखा होता. खरखर नाही, हुंकार नाही, सतारीची तार कानाशी छेडल्यासारखी. गाडीभोवती आठ-दहा जण उभे होते, सगळे गप्प झाले. चाळीस-पन्नास सेकंद झाले असतील. मग एकदम काहीच नाही. पडद्यावर केंद्राचं नाव तसंच, आवाज शून्य. थोड्या वेळाने परत आला, परत गेला.

डिजिटलचा स्वभावच हा आहे. जुन्या सेटवर लहर अशक्त झाली की खरखर वाढत जाते, पण कान त्यातून शब्द वेचतो. "उद्या... पाऊस... मेघगर्जनेसह" एवढं जरी सापडलं तरी शेतकऱ्याचं काम होतं. डिजिटलमध्ये लहर एका पातळीच्या वर असेपर्यंत आवाज शंभर नंबरी, खाली गेली की पूर्ण शांत. डिजिटल सेट मधला एखादा टक् भरून काढू शकतो, दुरुस्तीचा हिशोब त्यात घातलेला असतो. पण सतत विजेचा कचरा असलेल्या घरात तीच पातळी आणखी वर चढते. म्हणजे ज्या घरात खरखर जास्त, तिथेच डिजिटल मुकं व्हायची भीती जास्त. हे कोणी विकणारा सांगत नाही.

आणखी एक गोष्ट वहीत लिहिली. सेटची विजेची भूक. दोन बँडचा साधा सेट दोन सेलवर काही आठवडे जातो. डिजिटल सेटच्या आत प्रोसेसर सतत आकडेमोड करत असतो, त्याला वीज जास्त लागते, चार्ज करावा लागतो. जागलीच्या हंगामात रात्रीची वीज कधी असते, कधी नसते.

बाहेर काय चाललंय

गटाला हे सांगणं गरजेचं होतं, कारण "सरकार आणतेच आहे तर आजच घेऊ" हा भाच्याचा मुद्दा वजनदार होता.

आकाशवाणीने गेल्या दशकात देशात सुमारे ३५ मध्यम लहरी ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीवर आणले. बहुतेक ठिकाणी जुना आवाज आणि डिजिटल शेजारीशेजारी चालतात. तेवढ्याच क्षेत्रासाठी डिजिटलला वीज पुष्कळ कमी लागते, हा प्रक्षेपण करणाऱ्याचा मोठा फायदा. मला इथेच अडकायला होतं. विजेची बचत प्रक्षेपकाकडे आणि नव्या सेटचा खर्च काकाजींकडे, ही वाटणी बरोबर नाही. बदल हवाच आहे, मीही त्याच बाजूचा आहे. पण पहिला रुपया श्रोत्याने टाकावा असं कोणी धरून चालू नये.

गाड्यांमध्ये डीआरएम रेडिओ लाखोंनी बसले, कारण तिथे गिऱ्हाइकाने वेगळा पैसा मोजला नाही, तो गाडीच्या किमतीत गेला. सुटा सेट मात्र रस्त्यावरच्या दुकानात दिसत नाही. माझ्या दुकानात आजवर एकही डिजिटल सेट दुरुस्तीला आलेला नाही. उद्या बिघडला तर त्याचा सुटा भाग मी कुठून आणणार, हेही गटाला स्पष्ट सांगितलं.

एफएमचं वेगळंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, खासगी केंद्रांच्या डिजिटल रेडिओसाठी शिफारशी दिल्या. पहिल्या टप्प्यात १३ मोठी शहरं, त्यात नागपूर आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर एक जुनं आणि तीन डिजिटल चॅनेल, शिवाय एक माहितीचं, असा आराखडा. देशभर पद्धत एकच असावी असं म्हटलंय, पण ती कोणती हे त्या शिफारशींत ठरलेलं नाही. म्हणजे आज बारा हजारांचा सेट घेतला आणि उद्या एफएमला दुसरीच पद्धत आली, तर तो सेट तेवढ्यापुरता निकामी. आणि पद्धत हीच आली तरी शहराचं एफएम शंभर किलोमीटरवर येत नाही. जुनं आलं नाही, नवंही येणार नाही.

भाच्याने नॉर्वेचं उदाहरण दिलं. २०१७ मध्ये तिथे राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून सगळं डिजिटलवर नेलं, हे खरं आहे. पण तिथे डिजिटल प्रक्षेपण १९९५ पासून चालू होतं. दोन दशकं गावागावांत जाळं पोचवलं आणि मग जुनं बंद केलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ च्या अखेरीला एफएम बंद केलं आणि त्याचे पुष्कळ श्रोते गळाले. तिथल्या लोकांकडे पैसा होता, सेटही मिळत होते, तरी असं झालं. माणूस आपली सवय दुसऱ्याच्या वेळापत्रकाने बदलत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची आपली स्वतःची जुनी गोष्ट आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याकडच्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं सुरू केली होती. गावात सेट, ठरलेल्या वेळी कार्यक्रम, मग त्यावर चर्चा, आणि गावाचे प्रश्न परत आकाशवाणीकडे. तिथे सेट आधी गावात पोचला आणि सेटवर गावासाठीच केलेला कार्यक्रम होता. त्यामुळे लोक येऊन बसले. घरात रेडिओ नसलेले लोक!

मोबाईल आहे की

बैठकीत एका तरुणाने हेच विचारलं, आणि बरोबर विचारलं. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर पुष्कळ केंद्रं मिळतात, घरी डीडी फ्री डिशवर ४८ रेडिओ वाहिन्या फुकट आहेत. ज्यांच्या घरी ती छत्री आहे त्यांना स्वच्छ आवाजातली आकाशवाणी आधीच मिळाली आहे, आणि ती डिजिटलच आहे! २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका असंही सुचवलं होतं. गावात घरी बसून ऐकणाऱ्याला नव्या सेटची गरज नाही, हे मी सरळ सांगितलं.

प्रश्न उरतो तो शिवाराचा. नाल्याच्या पलीकडे फोनची रेंज जाते. छत्री मचाणावर नेता येत नाही. तिथे फक्त रेडिओ आहे.

आणि इथेच मला डिजिटलची खरी किंमत दिसते. ती स्वच्छ आवाजात नाही. डीआरएमवर आवाजाबरोबर मजकूरही जातो, सेटच्या छोट्या पडद्यावर देवनागरीतही वाचता येतो. बातमी ऐकताना वाक्य चुकलं तर गेलं. मजकूर मात्र थांबतो, परत वाचता येतो. हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. सल्ला तयार होतो, तो कागदावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. तोच जर वर्धा, यवतमाळ, अमरावती असा जिल्ह्याजिल्ह्याने रेडिओच्या पडद्यावर आला, रेंज नसतानाही आला, विजांचा इशारा आला की सेट आपोआप वाजू लागला, तर मी स्वतः गटाला सांगेन: तूर विका आणि सेट घ्या. डीआरएममध्ये अशा इशाऱ्याची सोय आहे. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांत किंवा पूर आला की जगापासून तुटणाऱ्या भामरागडमध्ये तर हे आमच्यापेक्षा दहापट महत्त्वाचं आहे. तिथे टॉवरही बंद पडतो.

बोंडअळीची आठवण काढा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. कोणतं औषध कशात मिसळू नये, वाऱ्याच्या दिशेला उभं कसं राहावं, हे त्या माणसांपर्यंत वेळेवर आणि त्यांच्या बोलीत पोचायला हवं होतं. त्यासाठी रेडिओ डिजिटल असण्याची अट नव्हती. पण उद्या डिजिटल येणारच असेल, तर त्यामुळे वाढणाऱ्या वाहिन्यांत तेच आधी भरा. गाण्यांच्या आणखी तीन वाहिन्या भरल्या तर त्या आमच्या गावाला नकोत.

गटाने काय केलं

रविवारी रात्री मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी वही वाचून दाखवली. भाच्याने आपली बाजू मांडली, आणि त्याच्या मनात गावाबद्दल माया होती हे सगळ्यांना दिसत होतं. काकाजींनी एकच विचारलं, "त्या डब्यात आपल्या तालुक्याचं येगळं काही सांगते का?" आज तरी नाही, मी म्हणालो. त्यावर फार चर्चा झाली नाही. बायांपैकी एकीने मात्र हे लिहून ठेवायला लावलं की गाडीतला आवाज तिला फार आवडला होता आणि पुढे स्वस्त झाला तर भजनी मंडळासाठी घ्यावा. ते वहीत आहे.

डिजिटल सेट घ्यायचा नाही असं ठरलं. त्याऐवजी मध्यम लहरी आणि एफएम दोन्ही लागणारे, सेलवर चालणारे दोन साधे सेट घेतले, एक नाल्यापलीकडच्या शेतांसाठी आणि एक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत आले. सगळ्या झटका मशीनची अर्थिंग मी एका दिवसात तपासून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. मंगळवारचा आणि शुक्रवारचा सल्ला अध्यक्ष ताई मोबाईलवरून उतरवून ओट्यावरच्या फळ्यावर लिहितात. गटाने एक पत्रही लिहिलं. डिजिटलवर जिल्हावार मजकूर आणि इशारा कधी मिळेल, एवढंच त्यात विचारलं आहे. उत्तराची वाट आहे.

उरलेले दहा हजार बँकेत आहेत. दिवाळीला भाचा परत गाडी घेऊन येणार आहे. त्याच तीन जागा, त्याच वेळा, वहीत रकाने आखून ठेवलेत. या वेळी एक रकाना वाढवला आहे: पडद्यावर मराठीत काही दिसलं का.